कोयनेचे दहा सेकंद

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे इअरफोन घरी विसरून बसमध्ये बसलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय. दोन-तीन आकडे राहून गेले होते, ते घातलेत. बाकी तसंच.

आजचा विषय भूकंपाचा आहे असं वाटेल. तसा तो आहेच. पण मला बोलायचंय ते शिकण्याबद्दल. 'मला माहीत आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या हातात नक्की काय असतं? आणि ते चुकीचं निघालं, त्याची मोठी किंमत मोजावी लागली, तर माणूस पुन्हा शिकण्यावर विश्वास ठेवतो तो कशाच्या जोरावर? प्रश्न मोठे आहेत, मी साधा कोड लिहिणारा माणूस आहे. म्हणून गोष्ट माझ्याच गावची घेतो. कोयनानगरची.

सुरुवात मात्र हॉस्टेलच्या खोलीतून. बी.टेक.चं तिसरं वर्ष. मी कॉम्प्युटरला, रूममेट सिव्हिलला. एका रात्री त्याच्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा आवाज करत होता. स्क्रीनवर एक उंच, त्रिकोणी भिंत होती. ती थरथरत होती, आणि मानेच्या जागी लाल रंगाची एक भेग हळूहळू आत शिरत होती. तो म्हणाला, "अरे, हे तुझं गाव आहे की!" फाइलचं नाव होतं 'कोयना'.

मला आधी वाटलं मस्करी करतोय. पण नाही. ॲबाकस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, इंजिनिअर लोक पूल, गाड्यांचे भाग, धरणं असल्या गोष्टींवर किती ताण येतो ते त्यात तपासतात. त्यासोबत जी नमुन्याची उदाहरणं मिळतात, त्यात एक कोयना धरण आहे. जगात कुठेही कुणी काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचं गणित करायची नवी पद्धत काढली, की ती आधी बहुतेक कोयनेवर चालवून बघतात. आम्ही नवी भाषा शिकताना पहिला प्रोग्राम 'हॅलो वर्ल्ड' लिहितो ना, तसं. त्या उदाहरणात भूकंप दहा सेकंदांचा आहे. दहा सेकंद झाले की फाइल संपते.

मी लहानपणापासून ते धरण बघत आलोय. शाळेची सहल नेहरू उद्यानात, पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघायला जायचं, कुंभार्ली घाटातून चिपळूणला मामाकडे जाताना खिडकीतून दिसतं का बघायचं. आमच्याकडे त्याला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात. कोयना नदी खरं तर पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण तिचं अडवलेलं पाणी बोगद्यांतून उलटं, पश्चिमेला नेलं, सह्याद्रीच्या पोटातल्या पोफळीच्या वीजघरात खाली सोडलं, आणि त्यावर वीज केली. पुढे टप्पे वाढत गेले, आज सगळे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. एवढं आम्हाला पाठ होतं. पण आमचं धरण जगभरच्या पोरांच्या असाइनमेंटमध्ये थरथरतंय, हे मला एका नागपूरच्या मुलानं सांगितलं.

असो. त्या रात्री मी आजीला फोन केला. आईची आई. तिचं माहेर आणि सासर दोन्ही कोयनेच्या काठचं. मी उत्साहात म्हटलं, "आजी, तुमचा भूकंप कॉम्प्युटरमध्ये आहे!" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बंद कर ते." आणि फोन ठेवला.

आता थोडं मागे जाऊ.

११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. रिश्टर मापनावर ६.३ च्या आसपासचा धक्का. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत १७७ पासून २०० पर्यंत दिलेला आहे, जखमी दोन हजारांवर. कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. पार मुंबईपर्यंत लोक जागे झाले. धरणाला आडव्या भेगा पडल्या. पण ते फुटलं नाही. तेव्हा भिंतीमागे जवळजवळ ९२ मीटर पाणी उभं होतं, म्हणजे हे 'पण' किती मोठं आहे बघा. खाली पाटण, कराड, सांगली, सगळा नदीकाठ.

यात इतिहासाच्या पुस्तकात सहसा न येणारी एक गोष्ट आहे. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धरणाच्या आतल्या गॅलरीत एक यंत्र लावलेलं होतं. जमीन किती वेगानं हिसका देते ते नोंदवणारं. त्या पहाटे ते चालू होतं आणि त्यानं सगळं लिहून ठेवलं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट. त्याला आडवा, म्हणजे नदीच्या दिशेनं, ०.४९ पट. आणि धरणाच्या डिझाइनमध्ये किती धरला होता? ०.०५. दहापट वगैरे चूक.

आता यावर पटकन कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटतात. मलाही वाटलं होतं. पण ०.०५ हा आकडा कुणी आळसानं ठेवलेला नव्हता. त्या काळच्या भूशास्त्राची समजूत अशी होती की दख्खनचं पठार म्हणजे प्राचीन, थंड झालेला, स्थिर खडक. भूकंप हिमालयाकडे होतात. १९०५ कांगडा, १९३४ बिहार, १९५० आसाम, यादी बघा, सगळं तिकडचं. आपल्याकडे मोठं काही होत नाही. त्या हिशेबानं ०.०५ धरणं म्हणजे उलट थोडी काळजीच घेतलेली होती.

माझ्या कामातली भाषा वापरतो. आम्ही मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवतो तेव्हा ते जुन्या डेटावर शिकतं. जुन्या डेटात जे घडलेलंच नाही, ते मॉडेल 'घडणार नाही' असं छातीठोक सांगतं. त्याला हे म्हणता येत नाही की बाबा, माझ्याकडे यातलं काही आलेलंच नाही. भूकंपाचे पट्टे दाखवणारा तेव्हाचा नकाशा असाच होता. माणसांच्या नोंदी दोनेकशे वर्षांच्या, खडक कोट्यवधी वर्षांचा. नोंद नाही म्हणून रंग फिका.

पण मग ते यंत्र तिथे का होतं? इथे मजा आहे. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर भरायला लागला आणि लगेच परिसरात लहान लहान धक्के सुरू झाले. लोकांनी तक्रारी केल्या, जमिनीतून गुरगुर ऐकू येते म्हणून. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या लोकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. धरणाभोवती भूकंपमापकं बसवली. पुस्तक म्हणत होतं इथे काही नाही, यंत्र म्हणत होतं आहे. त्यांनी यंत्र चालू ठेवलं. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा एक धक्का बसून गेला. तरीही डिसेंबरात काय येणार हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण जे आलं ते लिहिलं गेलं.

गेल्या वर्षी मी आमच्या टीममध्ये ऑन-कॉल असताना रात्री दोन वाजता एक सर्व्हर पडला. कारण शोधायला गेलो तर लॉगच नव्हते. कुणीतरी जागा वाचवायला बंद केले होते. 'इथे कधी काही होतच नाही' म्हणून. तेव्हा मला कोयनेच्या गॅलरीतलं ते यंत्र आठवलं. जिथे काही होणार नाही असं सगळे म्हणतायत, तिथे नोंदवही उघडी ठेवायची, तिला वेळेवर तेल-कागद-वीज द्यायची, यामागे एक फार शांत प्रकारची आशा असते. आपण वाचू याची हमी नाही, पण जे होईल ते पुढच्याला कळावं.

आणि पुढच्याला कळलं. बर्कलीत शिकवणारे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये ती नोंद घेऊन गणित मांडलं, की भेगा बरोबर तिथेच का पडल्या. भिंतीचा उतार जिथे अचानक बदलतो, पायापासून साडेसहासष्ट मीटरवर, त्या मानेशी ताण साठतो. माझ्या रूममेटच्या स्क्रीनवरची लाल भेग ती हीच. धरणाच्या दोन बाजूंचा भाग मागून काँक्रीटचा आधार देऊन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मजबूत केला. दरवाजांचा मधला भाग २००६ पर्यंत.

दुसरा प्रश्न त्याहून खोल होता. हा भूकंप पाण्यामुळे झाला का?

यावर तेव्हा चांगलाच वाद झाला. आणि इथे एक टोचणारी गोष्ट आहे. अमेरिकेत हूवर धरणामागचा लेक मीड भरल्यावर तिथेही धक्के सुरू झाले होते, आणि कार्डर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४५ मध्ये तलाव आणि धक्के यांचा संबंध मांडला होता. म्हणजे कोयनेची पायाभरणी व्हायच्या आधी. पुढे चीनमध्ये शिनफेंगच्यांग, १९६२. आफ्रिकेत करिबा, १९६३. ग्रीसमध्ये क्रेमास्ता, १९६६. सगळीकडे मोठा तलाव, मग सहाच्या आसपासचा भूकंप. जगाला तुकड्या-तुकड्यांत कळत होतं. पण कुणाला तरी कळलेलं असणं आणि ते हेळवाकच्या वळणापर्यंत पोचणं यात फार अंतर असतं. तेव्हा तर इंटरनेटही नव्हतं, पण आजही हे अंतर मला फारसं कमी झालेलं दिसत नाही.

हे तुकडे जोडायचं मोठं काम आपल्याकडच्या लोकांनी केलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी, हरि नारायण. १९७२ मध्ये त्यांनी अशा सगळ्या तलावांचे भूकंप शेजारी शेजारी ठेवून सारखेपणा शोधला, आणि १९७६ मध्ये गुप्ता-रस्तोगींचं धरणं आणि भूकंप यांवरचं पुस्तक आलं. साध्या भाषेत सांगायचं तर असं: खाली खडकात भ्रंश म्हणजे जुनी चीर असतेच, तिच्यावर ताणही आधीपासून साठलेला असतो. तलावाचं वजन आणि झिरपणाऱ्या पाण्याचा दाब त्या चिरेची पकड ढिली करतो. पाणी भूकंप बनवत नाही, पाणी शेवटचा धक्का देतं. पाणी किती वेगानं चढतं, किती उंच जातं, किती दिवस तिथे राहतं, याचा धक्क्यांशी संबंध लागतो.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) इतर बहुतेक तलावांचे भूकंप काही वर्षांनी शांत झाले. कोयनेचे नाहीत. १९६२ पासून आजपर्यंत, साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात धक्के चालूच आहेत. पाचच्या वरचे वीसहून जास्त, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि बारीक तर हजारो. १९८५ मध्ये दक्षिणेला सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणेचा तलाव भरायला लागला, आणि पुढच्या काही वर्षांत धक्क्यांचा जोर तिकडे सरकला. म्हणून हा भाग जगातल्या शास्त्रज्ञांसाठी एक उघडी प्रयोगशाळा आहे. आमच्यासाठी ते घर आहे. भांडी वाजली की आम्ही वर बघतो, पंखा हलतोय का, आणि परत जेवायला लागतो.

एवढं सगळं वाचून झालं आणि मी गेल्या डिसेंबरात आजीकडे गेलो. स्वारगेटवरून कराड, कराडवरून एसटी. कागद प्रिंट करून नेले होते, कारण तिला मोबाईलवरचं दिसत नाही. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. का वाटेल ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. 'बंद कर ते' मनात राहिलं होतं, एवढंच.

आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की भूकंपात आजीचा धाकटा भाऊ गेला. सहा वर्षांचा होता. त्याहून जास्त कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी, चुलीपुढे बसून, तिनं सांगितलं. तिच्या परवानगीनं, आणि नाव न घेण्याच्या अटीवर, इथे लिहितोय.

सप्टेंबरचा धक्का बसल्यापासून तिची आई मुलांना घरात निजू देत नव्हती. घर दगडमातीचं. अंगणात नाहीतर पडवीत गोधड्या. डिसेंबर आला, थंडी वाढली, धाकट्याला खोकला झाला. आजी तेव्हा चौदा वर्षांची, घरात शिकणारी ती एकटीच. "गुर्जींनी नुकतंच शिकवलं व्हतं," ती म्हणाली. "हिमालय कोवळा हाय, तितं भूकंप व्हत्यात. आपला कातळ म्हातारा हाय, हितं मोठं कायबी व्हत न्हाई. मी आईला पुस्तक उघडून दाखवलं. आईला वाचाया येत न्हवतं. तिनं पानाव हात फिरवला. म्हनली, तू शिकलेली हाईस, तू म्हनतीस तर आत निजू."

ती रविवारची रात्र होती.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग जे माझ्यासारखे लोक करतात तेच केलं. कागद काढले. तिला समजावलं, की आजी, तू खोटं नव्हतीस बोलली. तुझे गुरुजीही नाही. देशातले सगळ्यात मोठे शास्त्रज्ञसुद्धा तेव्हा तेच मानत होते. ज्यांनी धरण बांधलं त्यांचा आकडाही तोच सांगत होता. बघ, ०.०५. कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "म्हंजी त्यास्नीबी ठावं न्हवतं."

"नाही आजी."

"मग ठावं न्हाई, असं का न्हाई लिवलं पुस्तकात?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. अजूनही धड देता येत नाही, म्हणून तर हा भाग केला.

विचार करा. 'इथे मोठे भूकंप होत नाहीत' आणि 'इथे मोठा भूकंप झाल्याची नोंद आमच्याकडे नाही' या दोन वाक्यांत केवढा फरक आहे. दुसरं वाक्य पुस्तकात असतं तर चौदा वर्षांच्या मुलीनं आईला काय सांगितलं असतं? कदाचित तेच. थंडी तर होतीच, खोकलाही होता. मी असं म्हणत नाही की वाक्य बदललं असतं तर मूल वाचलं असतं. पण तिनं अठ्ठावन्न वर्षं उरावर जे ओझं वाहिलं, ते थोडं वेगळं असतं. तिला वाटत राहिलं की तिचं शिकणंच तिच्या भावाला आत घेऊन गेलं. शाळा पुढे तंबूत पुन्हा भरली. ती गेली नाही.

आपण शिकवताना पुस्तकातलं ज्ञान देतो, त्याच्या कडा देत नाही. कुठपर्यंत माहीत आहे, कुठून पुढे अंदाज आहे, आणि कुठे पाटी कोरी आहे, हे परीक्षेत विचारत नाहीत. मलाही बी.टेक.च्या चार वर्षांत एकाही पेपरात 'हे अजून कुणालाच माहीत नाही' असं उत्तर लिहून मार्क मिळाले नाहीत. आणि हे फक्त पाठ्यपुस्तकाचं नाही बरं का. हातातला मोबाईल काहीही विचारा, एकाच ठाम आवाजात उत्तर देतो. बरोबर असेल तेव्हाही, चुकीचं असेल तेव्हाही.

बरं, देश तरी शिकला का कोयनेवरून? अर्धवट. १९७० मध्ये भूकंपाच्या पट्ट्यांचा नकाशा बदलला, कोयना थेट झोन ४ मध्ये गेली, आणि भूकंपच नाही असा जो 'शून्य' झोन होता तो रद्द झाला. म्हणजे 'शून्य' म्हणता येत नाही एवढं मान्य झालं. पण पुढे तेवीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी. लातूर-धाराशिवमध्ये आठ-दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. किल्लारी तेव्हा नकाशात कुठे होती? झोन १. सगळ्यात फिका रंग. तिथेही आधी धक्के बसत होते, तिथेही दगडमातीची घरं होती, आणि तीही पहाटच होती. त्या झोन १ ला नकाशातून जायला २००२ साल उजाडलं. कोयनेनं कोयनेपुरता नकाशा बदलला. 'जिथे नोंद नाही तिथे काय मानायचं' हा प्रश्न मात्र जागेवर राहिला. माझ्या मते खरा धडा तोच होता आणि तो आपण एका भूकंपात शिकलो नाही, दोन लागले.

आता हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग आशा कुठाय? थांबा, आजीकडे परत जातो.

तिनं शाळा सोडली, पण शिकणं सोडलं असं मला म्हणवत नाही. माझ्या आईला तिनं पाटणला ठेवून शिकवलं. सायन्सला घातलं, लोक नको म्हणत असताना. आणि आम्हा नातवंडांचा एक छळ होता. शाळेतून येऊन आम्ही काहीही सांगितलं, पृथ्वी गोल आहे, दूध प्यायल्यानं हाडं मजबूत होतात, काहीही, की ती म्हणायची, "कशावरनं?" आम्ही म्हणायचो, पुस्तकात आहे. ती म्हणायची, "त्यास्नी कशावरनं कळलं?" आम्ही वैतागायचो. मावसभाऊ तर तिला 'कशावरनं आजी'च म्हणायचा. आम्हाला वाटायचं अडाणी बाई आहे, तिला विज्ञान पटत नाही. आता कळतं, की आमच्या घरात विज्ञानाचा खरा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती, आणि तो प्रश्न तिला कुठे सापडला होता तेही.

आणि तोच प्रश्न घेऊन काही लोक गोठण्याला जमिनीत उतरलेत. खरंच. या भागात भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं खोल छिद्रं पाडायला घेतली. आधी साधारण दीड किलोमीटरची, बेसाल्टचा काळा थर पार करून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत जाणारी. मग गोठणे इथे २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. कल्पना अशी की भूकंप वरून मोजत बसण्यापेक्षा तो जिथे जन्मतो त्याच्या जवळ जायचं, खडक हातात घ्यायचा, त्यातलं तापमान, पाणी, ताण मोजायचा. आपला म्हातारा कातळ किती जाड आहे, हेसुद्धा अंदाजावर होतं. आता अनेक जागी गाभे वर काढून बघितलंय. कुठे तो अर्धा किलोमीटरही नाही, कुठे सव्वा किलोमीटर.

मी हे आजीला सांगितलं. तिला हे फार आवडलं. खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढून ओळीनं पेट्यांत मांडून ठेवतात, हे तर दोनदा सांगायला लावलं. मग तिनं विचारलंच, "मग आता कळतंय का, कवा व्हनार ते?"

"नाही आजी. कुठे होईल ते कळतं. का होतं तेही बरंच कळलंय. किती मोठा होऊ शकेल त्याचा अंदाज आहे. कधी, ते नाही कळत."

"तसं लिवलंय का त्यांनी?"

"हो. अगदी स्पष्ट लिहिलंय."

"मग चांगली मानसं हाईत," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

माझ्यापुरतं मला आशेचं रूप त्या स्वयंपाकघरात दिसलं. उद्या सगळं नीट होईल अशी ती आशा नव्हती. तसली आशा तिच्या आईनं त्या रात्री पुस्तकावर ठेवली होती. ही वेगळी. कुणीतरी कुठेतरी खरं लिहून ठेवतंय, न कळलेलंसुद्धा, आणि ते वाचणारं कुणीतरी पुढे असेल, एवढीच. त्यात फार काही मिळत नाही. पण साठ वर्षांनी का होईना, एका म्हाताऱ्या बाईला विचारायचं ते विचारता आलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. कोयनेच्या ज्ञानाचा हिशेब मांडताना ज्यांची गावं शिवाजीसागराखाली गेली त्यांचं नाव कुठल्याच आलेखात नसतं. त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलनं माझ्या कॉलेजच्या दिवसांतही चालू होती, आणि त्यातले म्हातारे लोक आजीच्याच वयाचे होते. तो एक स्वतंत्र भाग होईल, त्यासाठी मला अजून बऱ्याच लोकांशी बोलायचंय. घाईनं बोलणार नाही.

रात्री झोपायच्या वेळी बघितलं, आजीची कॉट दाराला लागून. लहानपणापासून बघतोय, कधी विचार केला नव्हता. घर आता सिमेंटचं आहे, कॉलम-बीम सगळं आहे, तरी कॉट तिथेच. पांघरूण घेता घेता म्हणाली, "तू हिंजवडीला कितव्या मजल्यावर निजतोस?"

"अकराव्या. पण आजी, काळजी नको, बिल्डिंग भूकंपरोधक आहे."

"कशावरनं?"

पुण्याला परत आल्यावर मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि डिझाइनचं प्रमाणपत्र मागितलंय. पुणे झोन ३ मध्ये येतं, हेही सोबत टाकलंय. तीन आठवडे झाले. दोघांनी अंगठा दाखवलाय, एकानं पार्किंगचा प्रश्न काढलाय. मी परवा पुन्हा विचारणार आहे.